संसारांतील यंत्रें : ताठ स्प्रिंगांची मोटार

गेल्या महिन्यांत कोल्हापूरहून एका वाचक भगिनीचें पत्र आलें. घर मंगळवार पेठेंतलें, माणसें अकरा, आणि मोटार एकच. ती मोटार पुतण्यानें मोठ्या हौसेनें सजविली. मूळच्या स्प्रिंगा काढून त्यांच्या जागीं शर्यतीच्या धाटणीचा बाजारी जोड बसविला, गाडी दीड इंच खालीं आणली, चाकेंहि मोठीं घातलीं. आतां गाडी दिसते देखणी आणि वळणावर रस्त्याला धरून चालते. परंतु घरांतल्या सासूबाई, वय वर्षें ७६, तींत बसावयास तयार नाहींत. दर पौर्णिमेस नरसोबाच्या वाडीला जाण्याचा त्यांचा परिपाठ होता, तो तीन महिने मोडला आहे. "कंबरेंत कळ येते" एवढेंच त्या म्हणतात आणि गप्प बसतात. पुतण्या म्हणतो, अशा गाडीचा हाच स्वभाव, संवय होईल. गाडी विकावी कीं मुलाचें मन मोडावें, यांखेरीज तिसरा मार्ग आहे काय, असें या भगिनी विचारतात.

तिसरा मार्ग आहे, आणि चौथा-पांचवाहि आहे. पण त्याआधीं सासूबाईंच्या कळेविषयीं दोन शब्द सांगितले पाहिजेत. उतारवयांत, विशेषतः स्त्रियांच्या बाबतींत, हाडें विरळ होत जातात. तरुणाच्या लक्षांतहि न राहणारा एखादा धक्का अशा वेळीं पाठीच्या मणक्याला चेपण्यास पुरेसा होतो. गतिरोधकावरून वेगानें गेलेल्या बसमध्यें मागच्या बांकावरचीं माणसें उडून त्यांचे मणके मोडल्याचीं उदाहरणें वैद्यकीय लेखनांत नमूद आहेत. तेव्हां सासूबाईंची तक्रार ही म्हातारपणची कुरकुर समजून सोडून देण्याजोगी नव्हे. कळ दोन आठवड्यांनंतरहि राहिली असेल, वांकतांना किंवा कुशीवर वळतांना वाढत असेल, तर आधीं डॉक्टरांकडे जावें आणि मग कारागिराकडे. हाडांची घनता मोजण्याची सोय आतां जिल्ह्याच्या गांवीं सहज मिळते.

आतां पुतण्याची बाजू. त्यानें केलें तें निव्वळ खूळ होतें असें आम्हांस वाटत नाहीं. कोल्हापूरकरांना घाट कांहीं परके नाहींत. रत्नागिरीकडे निघालें कीं आंबा घाट, कोंकणांत उतरावयाचें तर गगनबावड्याहून करूळचा नाहीं तर भुईबावड्याचा. अशा वळणांवर मऊ स्प्रिंगांची गाडी एका अंगाला कलते, आणि मागें बसलेलीं माणसें एकमेकांवर रेलतात. ताठ स्प्रिंग हें कलणें कमी करते, सुकाणूला दिलेली आज्ञा गाडी लवकर ऐकते, आणि चालविणाराला आत्मविश्वास वाटतो. हे लाभ खरे आहेत. प्रश्न एवढाच कीं त्यांची किंमत कोण भरतो.

किंमत कोठून उत्पन्न होते हें समजण्यासाठीं ओसरीवरच्या झोपाळ्याकडे पाहावें. झोपाळ्याच्या कड्या जितक्या लांब तितका झोका संथ, कड्या आंखूड केल्या कीं झोका घाईचा. स्प्रिंगेचेंहि गणित नेमकें हेंच आहे. गाडीच्या भारानें स्प्रिंग जितकी दबते, तितक्या लांबीचा लंबक ज्या वेगानें हेलकावे घेईल, त्याच वेगानें ती गाडी वरखालीं होते. भारानें स्प्रिंग पंचवीस सेंटिमीटर दबत असेल तर गाडीचा हेलकावा सेकंदाला एक. अकरा सेंटिमीटर दबत असेल तर दीड. सहा सेंटिमीटरच दबत असेल तर दोन. आणि चारावर आली कीं अडीच. घरगुती गाड्यांचा हेलकावा साधारणपणें सेकंदाला एक ते दीड ठेवलेला असतो. माणूस चालतो तेव्हां त्याचें अंगहि बहुधा सेकंदाला दोनच्या आंतबाहेर वरखालीं होत असतें, त्यामुळें एवढ्या हालचालीची देहाला जन्मापासून संवय असते. शर्यतीच्या जोडांत हा आंकडा दोनाच्या वर जातो, आणि शरीराला सर्वांत असह्य वाटणाऱ्या कंपाच्या दिशेनें आपण सरकूं लागतों. तो असह्य पट्टा सेकंदाला चार ते आठ कंपांचा; त्या पट्ट्यांत पोट आणि कणा आपणहून थरथरूं लागतात. उलट स्प्रिंग फारच मऊ करून हेलकावा पांच सेकंदांना एक इतका संथ केला तर जहाजांतल्याप्रमाणें मळमळ होते. म्हणजे मऊ तेवढें चांगलें, हाहि सिद्धांत खरा नाहीं.

या विषयाचा पद्धतशीर अभ्यास करणारांत मॉरिस ऑली या इंग्रज अभियंत्याचें नांव प्रथम घ्यावें लागतें. रोल्स-रॉइसमधून तो अमेरिकेंत जनरल मोटर्सकडे गेला, आणि तेथें त्यानें गाडीवर वजनें पुढें-मागें सरकवून प्रवाशांना कोणता हेलकावा सोसतो याचे प्रयोग केले. १९३४ सालच्या कॅडिलॅक गाड्यांना पुढच्या दोन चाकांचे स्वतंत्र झुले मिळाले त्याच्या मागें ही खटपट होती. त्याच्या निष्कर्षांपैकीं एक आपल्या प्रश्नाला थेट लागू पडतो. पुढच्या स्प्रिंगांचा हेलकावा मागच्यांपेक्षां थोडा संथ असावा. कारण खड्डा प्रथम पुढच्या चाकांना भेटतो, मागच्यांना क्षणभरानें. मागची बाजू किंचित् घाईनें हलली तर ती पुढचीला गांठते आणि गाडी सपाट स्थिरावते. उलट प्रमाण असलें म्हणजे गाडी नाक वर, नाक खालीं करीत डुलत राहते. बाजारी जोडांत पुष्कळदां पुढच्याच स्प्रिंगा अधिक ताठ घातलेल्या आढळतात, कारण शर्यतीच्या सपाट वाटेवर वळणाची चपळाई हाच हेतु असतो. डुलण्याचा उपद्रव दोन आंसांमधलें अंतर मोठें असलें कीं कमी होतो. दसऱ्याला दसरा चौकांत छत्रपति घराण्याची जुनी मेबॅक मोटार ज्यांनीं येतांना पाहिली असेल, त्यांना लांब गाडीचें तें संथ चालणें आठवेल. अर्थात् तिला गतिरोधकहि कोणी आडवा घालीत नाहीं.

पण येथें एक गोष्ट अशी आहे कीं जी ध्यानांत आली म्हणजे पुतण्या आणि सासूबाई दोघेंहि खरेंच बोलत आहेत हें पटतें. स्प्रिंग दबतां दबतां शेवटीं धातूवर धातु आपटूं नये म्हणून शॉकअपच्या दांड्यावर एक रबरी किंवा स्पंजासारखा ठोकळा बसविलेला असतो. कारागीर त्याला बंपस्टॉप म्हणतात. गाडी दीड इंच खालीं आणली म्हणजे त्या ठोकळ्यापर्यंतचें अंतर तेवढेंच कमी झालें. पुतण्या एकटा गाडी चालवितो तेव्हां उरलेलें अंतर त्याला पुरतें. गाडी ताठ लागते पण आपटत नाहीं. वाडीला निघतांना मात्र पांच माणसें, डबे, पाण्याची कळशी आणि देवाचें साहित्य. गाडी भारानें बसते, मागचा ठोकळा टेकतो, आणि तेथून पुढें स्प्रिंग जवळजवळ नाहींच. प्रत्येक खड्डा रबराच्या गोळ्यावरून थेट बांकाला आणि बांकावरून मणक्याला. त्यांत चालविणारा दोन आंसांच्या मध्यें बसलेला, आणि सासूबाई मागच्या आंसाच्या जवळजवळ डोक्यावर. दोघांच्या वांट्याला एकच गाडी आलेली नाहीं. ही गोष्ट घरांत नीट समजावून सांगितली तर निम्मा वाद तेथेंच मिटावा.

ठोकळा टेकतो कीं नाहीं हें पाहण्याची युक्ति सोपी आहे. तारा बांधण्याची प्लॅस्टिकची पट्टी शॉकअपच्या चकचकीत दांड्यावर सैलसर आवळावी आणि सरकवून खालीं अंगाला टेकवावी. रोजच्या रस्त्यानें एक फेरी मारून आलें कीं ती किती वर ढकलली गेली तें दिसतें. ठोकळ्याला भिडली असेल तर रोग सांपडला. एकदां एकट्यानें आणि एकदां सर्व मंडळी घेऊन, अशा दोन फेऱ्या कराव्या. दांडा धुळीच्या पिशवीनें झांकलेला असल्यास ती वर सारावी लागते, तेवढें काम कारागिराकडून करून घ्यावें.

रोग हाच निघाला तर पहिला उपाय म्हणजे गाडी पुन्हां वर घेणें. बाजारी जोडांपैकीं पुष्कळांना आटे पाडलेले असतात व कडें फिरवून उंची बदलतां येते. त्यासाठीं नवी वस्तु विकत घ्यावी लागत नाहीं. मात्र यांतहि दोन जाती आहेत. एका जातींत कडें फिरविलें कीं स्प्रिंगेची बैठक सरकते. दुसऱ्या जातींत शॉकअपचें खालचें नळकांडेंच स्वतंत्रपणें आंत-बाहेर होतें, आणि स्प्रिंगेच्या बैठकीला धक्काहि लागत नाहीं. पहिल्या जातींत गाडी वर घेतली कीं ठोकळ्यापर्यंतचें अंतर परत मिळतें. दुसरींत गाडीची उंची खालच्या नळकांड्यानें बदलली तरी दांड्याची मोकळीक जशीच्या तशी राहते. कित्येक हौशी मंडळी स्प्रिंग आधींच आवळून ठेवली तर ती अधिक ताठ होते असें मानतात. साध्या, सरळ गुंडाळीच्या स्प्रिंगेच्या बाबतींत तें खरें नव्हे. आवळल्यानें ताठपणा बदलत नाहीं, गाडी कोठें उभी राहते तें बदलतें.

दोन-अडीच सेंटिमीटर वर आलेली गाडी तरुण डोळ्यांना तितकी देखणी वाटणार नाहीं, हें आम्ही जाणतों. परंतु कोल्हापूरकराला या बाबतींत दुसरें कारणहि पुरेसें आहे. २०१९ च्या ऑगस्टांत आणि २०२१ च्या जुलैंत पंचगंगेचें पाणी शिरोलीपाशीं महामार्गावर आलें आणि वाहतूक बंद पडली. पुराच्या पाण्यांत कोणतीच मोटार घालूं नये. पण गांवांतल्या गांवांत तुंबलेल्या पाण्यांतून निघण्याची वेळ आली तर बोटभर उंचीचेंहि मोल कळतें.

यानंतर टायर. खरें म्हणजे खर्चाच्या दृष्टीनें टायराचा विचार सर्वांच्या आधीं करावयास हवा, कारण त्याचा पहिला उपाय फुकट आहे. चालविणाराच्या दाराच्या चौकटीवर कारखान्याचा एक कागद चिकटविलेला असतो. मूळ मापाच्या टायरांत किती हवा भरावी तें त्यावर छापलेलें असतें. पंपावरचा मुलगा विचारतो, "किती भरूं?" आणि आपण म्हणतों, "घाल चाळीस, पंधरा दिवस पाहायला नको." कागदावर तेहतीस असतांना चाळीस घातली कीं टायर हाच एक ताठ स्प्रिंग होतो, आणि बाकीची सर्व मेहनत वायां जाते. दाब सकाळीं, गाडी चालण्यापूर्वीं, टायर थंड असतांना मोजावा. कागदांतल्या आंकड्याच्या खालीं मात्र जाऊं नये. कमी हवेचा टायर उन्हाळ्यांत तापतो आणि खड्ड्याच्या कडेला चिमटून फाटतो. नायट्रोजन भरल्यानें गाडी मऊ चालते असें सांगून पैसे घेणारे भेटतात. आपल्या साध्या हवेंतच अठ्ठ्याहत्तर टक्के नायट्रोजन आहे, हें त्यांना हंसतमुखानें सांगावें.

दुसरी गोष्ट टायराच्या भिंतीची. १८५/६५ आर १५ अशा मापाच्या टायरांत रस्ता आणि लोखंड यांच्यामध्यें सुमारें १२० मिलिमीटर रबर व हवा असते. २०५/४५ आर १७ घातला कीं बाहेरचा व्यास जवळपास तोच राहतो, पण ती भिंत ९२ मिलिमीटरांवर येते. एक बोटभर गादी गेली. शिवाय मोठें चाक बहुधा जड असतें, आणि जड चाक खड्ड्यांतून वर फेकलें गेलें कीं त्याला आवरणें शॉकअपला कठीण जातें; तें सेकंदाला दहा-बारा वेळां थयथयाट करतें आणि तोच थयथयाट घंटीसारखा आंत ऐकूं येतो. पुतण्याचीं मूळचीं चाकें अजून माळ्यावर असतील तर तीं परत बसविणें हा खर्चाच्या मानानें सर्वांत अधिक सुख देणारा उपाय होय. शोभेचीं चाकें विकूं नयेत. दिवाळी-पाडव्याला तो हौसेनें घालील, त्यांत आपलें कांहीं जात नाहीं.

शॉकअपच्या डोक्यावर किंवा पायाशीं फिरवावयाची खुंटी असेल तर ती कोठें ठेवलेली आहे हेंच बहुतेकांना ठाऊक नसतें. शॉकअपचें काम गाडीचा भार पेलणें हें नाहीं, तें स्प्रिंगेचें. स्प्रिंग एकदां हलली कीं तिला शांत करणें हें याचें. आंतलें तेल बारीक छिद्रांतून ढकललें जातें आणि हालचाल उष्णतेंत विरते. खुंटी सैल केली कीं सर्व दुःखें दूर होतील असें वाटतें, पण ताठ स्प्रिंगेवर शॉकअप अगदीं सैल ठेवला तर एका खड्ड्यानंतर गाडी तीनतीनदां उसळते. उलट फार आवळला, तर एका खड्ड्यांत दबलेली स्प्रिंग दुसरा खड्डा येण्यापूर्वीं पुरती उठतच नाहीं. ओळीनें चार खड्डे आले कीं गाडी खालीं खालीं बसत जाऊन शेवटीं त्याच ठोकळ्यावर टेकते. आपल्याकडच्या उखडलेल्या डांबरावर ही दुसरी अवस्था फार आढळते, आणि तिचा दोष लोक स्प्रिंगेला देतात.

म्हणून खुंटी प्रथम पूर्ण सैल करावी, करतांना खटके मोजावे आणि वहींत लिहावे. मग एका आंसाच्या दोन्ही चाकांना सारखेच, दोन-दोन खटके आवळीत त्याच रस्त्यावर त्याच वेगानें फिरून यावें. एका वेळीं एकच फेरफार. वही पुतण्याच्याच हातांत द्यावी. ज्याला हौस आहे त्याच्याकडेच मोजमाप सोंपविलें कीं त्याला तें आपलें काम वाटतें, आणि आईबापांनीं आपली गाडी बिघडविली असें वाटत नाहीं. मोजमापाचें साधन म्हणून मागच्या बांकावर पाणी अर्धें भरलेला तांब्या धरून एखाद्या मुलाला बसवावें. फ्रान्सांत १९४८ सालीं लोकांपुढें आलेल्या सित्रोएनच्या लहान गाडीला अशी अट घातली होती कीं नांगरलेल्या शेतांतून नेली तरी टोपलींतलीं अंडीं फुटतां कामा नयेत. आपल्या घरांत अंडीं नसतील तर विरजणाचें भांडें न्यावें. दही मोडलें तर कारागिराला पुन्हां बोलवावें.

पुढें स्प्रिंगेचीच पाळी येते. वरील सर्व करूनहि गाडी आपटत नाहीं पण ताठ लागते, असें असेल तर स्प्रिंग बदलल्याशिवाय गत्यंतर नाहीं. हेलकावा दोनावरून दीडावर आणावयाचा असेल तर स्प्रिंगेचा ताठपणा निम्म्याहून थोडा अधिक, शंभरास छप्पन्न, इतका खालीं आणावा लागतो. दहा-वीस टक्क्यांच्या फरकानें पैसे जातात आणि कंबरेला कांहीं कळत नाहीं. जोड तयार करणारे बहुधा स्प्रिंगेवर तिचा ताठपणा छापतात, तो वाचून घ्यावा. नुसत्या डोळ्यांनीं स्प्रिंग ओळखतां येत नाहीं, कारण तारेची जाडी एक दशांशानें वाढली कीं ताठपणा जवळजवळ दीडपट होतो. मऊ स्प्रिंग घेतांना तिच्याशीं जुळणारा शॉकअपहि विचारून घ्यावा. ताठ स्प्रिंगेसाठीं भरलेला शॉकअप मऊ स्प्रिंगेवर लावला तर आवळलेपणाची तीच तक्रार परत येते.

एका गोष्टीला मात्र ठाम नकार द्यावा. गाडी खालीं आणण्यासाठीं किंवा स्प्रिंग "बसती" करण्यासाठीं मूळ स्प्रिंगेचे वेढे कापण्याची चाल कांहीं गॅरेजांत आहे. उद्यमनगरांतल्या कारागिरांचें हस्तकौशल्य आम्ही जाणतों. तेथें लोखंडाला काय सांगावें तें ऐकतें. पण वेढे कमी केले कीं उरलेली स्प्रिंग मऊ न होतां अधिक ताठ होते, आणि कापलेलें टोंक बैठकींत नीट न बसल्यास चाक लोंबकळतांना स्प्रिंग निसटूं शकते. गॅसच्या ज्योतीनें तापवून बसविलेली स्प्रिंग तर पोलादाचा कसच घालवून बसते. घाटाच्या उतारावर अशा गाडींत माणसें बसवूं नयेत.

किरकोळ म्हणून दुर्लक्षिल्या जाणाऱ्या दोन जागा आणखी आहेत. शर्यतीच्या जोडांत शॉकअपचें डोकें गाडीच्या अंगाला रबराऐवजीं धातूच्या गोळ्यानें जोडलेलें असतें. त्यानें सुकाणू तेज होतें, पण प्रत्येक खडा टकटक करीत आंत येतो. तेथें रबरी बैठक मिळत असेल तर घालावी. तसेंच आडव्या भुजांच्या बुशांत पिंवळ्या-तांबड्या कठीण पॉलियुरेथेनचे बुश घातले असतील तर ते काढून मूळचे रबरी घालावे. उंचीशीं किंवा भुजांशीं कांहींहि खेळ केला कीं चाकांचें अलाइनमेंट पुन्हां करून घेणें ओघानेंच आलें. नाहीं तर टायर आंतल्या कडेनें झिजतात आणि त्याचा पत्ता वर्षानें लागतो. पुढच्या दिव्यांचा झोत कोठें पडतो तेंहि रात्रीं भिंतीसमोर उभें राहून पाहावें.

गाडी दुरुस्त होईपर्यंत सासूबाईंनीं वाडीस जाऊं नये काय? डॉक्टरांची ना नसेल तर जरूर जावें, पण मागच्या बांकावर बसून नव्हे. आपल्याकडे पुढची जागा घरांतल्या कर्त्या पुरुषाची, आणि वडील बायका मागें, असा कोणी न लिहिलेला नियम आहे. यंत्रशास्त्र त्याच्या उलट सांगतें. दोन आंसांच्या मध्यें धक्का सर्वांत कमी लागतो, म्हणून पुढची जागा वृद्धांची असावी. आसन किंचित् उंच करून पाठ टेकेल असें सरळ ठेवावें. फार मऊ उशी घेऊं नये. ती दबून तळाला लागली कीं धक्का दुप्पट वाटतो. दोन बोटें जाडीची घट्ट उशी बरी. पट्टा मात्र कंबरेच्या हाडावरून, पोटावरून नव्हे.

गतिरोधकांविषयीं रस्तेबांधणीच्या भारतीय मानकांत असें सांगितलें आहे कीं उंचवटा १० सेंटिमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद, गोलसर असावा, म्हणजे ताशीं पंचवीसच्या वेगानें गाडी त्यावरून सुखानें जाईल. आपल्या गल्लींतले उंचवटे हातभर रुंद आणि वीतभर उंच असतात, रातोरात कोणी घालतें आणि पांढरा पट्टाहि कोणी ओढीत नाहीं. त्यांवरून माणसाच्या चालीनें जावें. यांतहि एक बारकावा आहे. ब्रेक उंचवट्यापूर्वींच लावून चाक चढतांना पाय उचललेला असावा. ब्रेक दाबलेला असतां गाडीचें नाक खालीं झुकलेलें असतें, पुढची स्प्रिंग आधींच दबलेली असते, आणि आधींच दबलेल्या स्प्रिंगेला धक्का घेण्यास जागा उरत नाहीं.

कायद्याचा मुद्दा पत्रांत नव्हता, पण घरांतल्या वडील मंडळींनीं तो माहीत करून घेतलेला बरा. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमाप्रमाणें कारखान्यानें नोंदविलेल्या मूळ तपशिलाशीं विसंगत होईल असा फेरफार गाडींत करतां येत नाहीं, आणि सर्वोच्च न्यायालयानें जानेवारी २०१९ मध्यें याच कलमाचा अर्थ कडक लाविला. त्याच वर्षीं झालेल्या दुरुस्तीनें असा फेरफार करणाऱ्या मालकाला प्रत्येक फेरफारास पांच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी शिक्षा ठेविली आहे. मालक म्हणजे ज्याचें नांव नोंदणीच्या पुस्तकांत आहे तो. बहुतेक घरांत तो पुतण्या नसतो, त्याचा काका असतो. विमा कंपनीलाहि फेरफार न कळवितां गाडी चालविणें हें अपघाताच्या दिवशीं महागांत पडूं शकतें.

हें सर्व पाहतां, आमचा कौल विचारलाच तर तो मूळच्या स्प्रिंगा व शॉकअप परत बसविण्याच्या बाजूनें आहे. काढलेला मूळ सामान बहुधा घरींच पडलेला असतो. बसविण्यापूर्वीं स्प्रिंगेच्या बैठकीचें रबर, दांड्यावरचा ठोकळा आणि धुळीची पिशवी हीं तीन नवीं घ्यावीं. शॉकअपमधून तेल पाझरलेलें दिसलें तर तोहि जोडीनें बदलावा, एकच कधीं बदलूं नये. आणि कारागिराला एक गोष्ट समोर उभें राहून करावयास लावावी. आडव्या भुजांच्या रबरी बुशांचे मोठे बोल्ट, गाडी उचललेली व चाकें लोंबकळत असतांना, शेवटचे आवळूं देऊं नयेत. तसे आवळले तर रबर त्या लोंबत्या स्थितींत पकडलें जातें, गाडी जमिनीवर उतरली कीं तें कायमचें पिळलेलें राहतें. गाडी नव्या स्प्रिंगांवरहि ताठ लागते आणि वर्षाच्या आंत बुश फाटतात. गाडी चारी चाकांवर उतरवावी, मागच्या-पुढच्या बांकांवर घरांतलीं दोन माणसें बसवावीं, दोनदां हातानें दाबून हलवावी, आणि मग खालीं शिरून ते बोल्ट ठरलेल्या जोरानें आवळावे. यास पंधरा मिनिटें अधिक लागतात, आणि गर्दीच्या दिवशीं कारागीर तीं वांचवूं पाहतो. म्हणून त्याच्याकडे सकाळीं पहिल्या नंबरानें गाडी न्यावी.